खताच्या पिशवीचा मामला

एडिंबरा,
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आण्णा आणि आईस,


काल व्हिडिओ कॉलवर गुढी दाखवायला गेलो आणि तुमची नजर मागच्या खताच्या पिशवीवर अडकली. "बुरशी हाय ती. दे उकिरड्यावर फेकून," असा हुकूम सुटला. आण्णा, इथं उकिरडा कुठून आणू? इथं खत प्लास्टिकच्या पिशवीत, किराण्यासारखं दुकानात मिळतं. म्हणतात कंपोस्ट, पण शेण औषधालाही नाही; लाकडाचा भुसा, साली आणि नारळाचा काथ्या. आपल्या नांदूरघाटात मात्र बोलू नका. पैसे देऊन माती घेणाऱ्याच्या घरी कोण सोयरीक करील?

खत करायची ही विद्या साहेबानं नेली आपल्याच बाजूची, हे शेजारच्या म्हातारबांना ऐकवून झालं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ होळकरांच्या इंदुरात होता, तिथंच त्यानं 'इंदूर पद्धत' बसवली. त्यांना ते खरं वाटेना. मग मी पुसदच्या पांढरीपांड्यांचा नाडेप खताचा हौद सांगितला: दहा बाय सहा बाय तीन फूट, विटांच्या भिंतीला मुद्दाम भोकं. हवा खेळली पाहिजे म्हणून. आमची पिशवी मात्र शेडमध्ये तोंड बांधून हिवाळाभर ओलीच्या ओली पडलेली. बुरशी येणार नाही तर काय मोगरा येणार?

तुमच्या सूनबाईंनी चमच्यानं उकरून बघितलं. वर पांढऱ्या तारा, एका कोपऱ्यात हिरवी भुकटी. वास पहिल्या पावसातल्या रानाचा. आंबूस-सडका नाही. या तारा अर्धवट कुजलेलं लाकूड खातात, जित्या बियांच्या वाटेला सहसा जात नाहीत. कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात, ती बहुतेक पिथियम आणि रायझोक्टोनियाची करणी, आणि त्यांना लागतो साचलेला ओलावा, दाट पेरा, कोंदट हवा. आणि बुरशी म्हटल्यावर तुम्ही एवढे का बिचकता? हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळता, ती पैसे मोजून आणलेली बुरशीच की! कोपऱ्यातली हिरवी तीच, असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही; डोळ्यांनी ओळखू येत नाही.

रोपांपेक्षा मला काळजी माणसाच्या फुप्फुसांची. २०१३ साली इथंच, एडिंबराच्या भागात, लिजनेला लाँगबीची नावाच्या जिवाणूनं काही बागवाल्यांना न्यूमोनिया होऊन दवाखाना गाठावा लागला. संशय कंपोस्टवर होता. बुरशीच्या भुकटीनं दमेकऱ्याचा जीव वर येतो तो वेगळाच. म्हणून पिशवी उघड्यावर, तोंड लांब धरून फोडली, पाण्याचा हबका मारून धूळ बसवली, मास्क लावला, मग हात साबणानं धुतले. लहानग्या चिमीला तर जवळ फिरकूच दिलं नाही. आण्णा, तुम्हीही शेणखत उपसताना उपरणं नाकाला बांधत जा. दम लागतो तेव्हा आईला रात्रभर जागवता.

आता पेरणीचं. तुम्ही सोयाबीनची गोणपाटात उगवण बघता ना, तशी मी खताची बघितली. एका कपात हे बुरशीचं जुनं खत, एकात नव्या पिशवीतलं, दोन्हींत मेथी. मेथी दोन्हीकडे वर आली. तरी वांग्या-मिरचीला नवंच खत घातलं, कारण मिरची उगवायला उशीर लावते आणि तेवढा वेळ ओल्या मातीत बी पडून राहतं. जुनं पसरून सुकवलंय, ते मोठ्या कुंड्यांना जाईल. ट्रेला वरून झाकण नाही, पाणी खालून. म्हातारबा म्हणतात, मेच्या मध्यापर्यंत रोपं बाहेर काढू नका, हिव पडतं. तिकडं तेव्हा तुमची नांगरट उरकलेली असेल.

सूनबाईंचा निकाल वेगळा आहे. त्यांनी पिशवीवर मार्करनं मराठीत 'आण्णांना नामंजूर' असं लिहून ठेवलंय, आणि येणारे पाव्हणे अर्थ विचारतात.

आईला सांगा, बियाणं पाठवू नका. रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय बी इकडं येऊ देत नाहीत. काळा मसाला पाठवा. तो आम्ही पेरत नाही.

तुमचा,
बाळू