बियांचं बिऱ्हाड

बाग करणाऱ्या माणसाच्या घरात बिया कुठे सापडतील हे सांगता येत नाही. कुठे सापडणार नाहीत, एवढं मात्र छातीठोकपणे सांगता येतं : बिया ठेवण्यासाठी म्हणून हौसेनं आणलेल्या खास डब्यात. त्या डब्यात बटणं असतात. दोडक्याचं बी देव्हाऱ्याच्या खणात उदबत्तीच्या पुड्याशेजारी असतं, गोकर्णाच्या शेंगा सदऱ्याच्या खिशात असतात, आणि कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, 'बहुतेक भेंडी'. भेंडीचं बी एकदा पाहिलेला माणूस ते पुन्हा ओळखायला चुकत नाही. तरीही हे 'बहुतेक' तिथे असतं, कारण बागवाला स्वभावानं सावध असतो. उगवून येईपर्यंत तो कशाचीच खात्री देत नाही.

बिया विकत घेतल्या जातात त्यापेक्षा जमा जास्त होतात. सकाळी फिरायला गेलेला बागवाला रिकाम्या हातानं परतत नाही. कुणाच्या कुंपणाबाहेर डोकावणारी गुलबक्षी, दुभाजकावर वाळलेला झेंडू, देवळामागची तुळशीची मंजिरी, यांतलं काही ना काही त्याच्या मुठीत असतं. ही चोरी आहे असं त्याला वाटत नाही. फूल तोडलं तर चोरी, बी घेतलं तर संशोधन, असा त्याचा सरळ हिशेब असतो. त्यात जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. गच्चीवर चार कुंड्या असलेली माणसं तिथे एकराच्या हिशेबानं पाकिटं घेतात. पाकिटावरच्या चित्रातला कोबी बघताना आपली गच्ची तेवढी मोठी नाही, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग एखाद्या रविवारी 'आज सगळ्या बिया नीट लावायच्या' असा बेत ठरतो. यातलं 'लावायच्या' म्हणजे मातीत नव्हे, खणात. मातीत लावणं त्या मानानं सोपं असतं. खणात लावताना आधी पद्धत ठरवावी लागते आणि पद्धत म्हटली की घरात मतभेद आलेच.

अक्षरक्रमानं लावायचं म्हटलं तर 'अ'च्या कप्प्यात अंबाडी आणि अबई दोघीच बसतात, कारण अळूला बी नाही, कंद लागतो. तिकडे 'भ'च्या कप्प्यात भेंडी, भोपळा आणि भुईमूग खेटून उभे राहतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे कुळवार लावलं तर वांगं, टोमॅटो, मिरची एका घरात जातात आणि त्याच कुळातला धोतराही हक्कानं येऊन बसतो. आकारमानानं लावणारेही असतात. त्यांच्याकडे माठाचं बी आणि मोहरी पुढे, अबईचं बी मागे, असा शाळेच्या वर्गफोटोचा थाट असतो. दिसायला हे फार छान. पण पेरायच्या दिवशी यातलं काहीच कामाला येत नाही, कारण पेरणी अक्षरावर, कुळावर किंवा उंचीवर चालत नाही. ती पंचांगावर चालते.

म्हणून तीन डबे पुरतात. पहिला रोहिणी-मृगाचा : भेंडी, गवार, दोडका, कारलं, पडवळ, काकडी. दुसरा दिवाळीच्या आगेमागे उघडायचा : पालक, वाटाणा, गाजर, कोबी, फ्लॉवर. तिसरा माघ-फाल्गुनातला : कलिंगड, खरबूज, उन्हाळी काकडी. काकडीला दोन घरं आहेत, याबद्दल इतरांनी तक्रार करू नये. मेथी, मुळा आणि कोथिंबीर मात्र बाराही महिने इकडून तिकडे फिरत असतात. त्यांच्यासाठी चौथा डबा काढला, की वर्षभरात सगळं त्या चौथ्या डब्यात जमा होतं आणि पुन्हा एक रविवार उजाडतो.

कोथिंबिरीचं खरं घर स्वयंपाकघरातच आहे. मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि मेथी, बरणीतले धणे हे सगळं पेरता येण्यासारखंच आहे. धणा म्हणजे दोन बियांचं फळ, म्हणून पेरण्याआधी तो चपलेखाली हलकेच रगडायचा, हे शास्त्र घरोघरी ठाऊक असतं. उलटी वाट मात्र धोक्याची. दुकानातलं बी पुष्कळदा गुलाबी किंवा निळं दिसतं. तो रंग त्याला औषध चोळलं असल्याची खूण आहे. ते बी फोडणीत तर नाहीच, चिमण्यांनाही घालायचं नाही. गुलाबी मेथी मिसळणाच्या डब्यापासून लांब राहिली पाहिजे, एवढा एक नियम पाळला तरी घराची निम्मी व्यवस्था लागली.

उरलेली निम्मी आमच्या सासूबाईंनी लावली. त्यांचं माहेर कोकणातलं, गुहागरच्या बाजूचं. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत कागदसुद्धा मऊ पडतो, तिथे बी टिकवायचं म्हणजे चेष्टा नाही. त्यांच्या घरी मक्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली असत, वालाचं बी राखेत घोळून मडक्यात जाई, काकडीच्या बिया शेणात मिसळून भिंतीवर थापल्या जात. पुण्यात आमच्याकडे चूल नाही आणि भिंतीवर शेण थापायला सोसायटीची परवानगी मिळणार नाही. एकदा त्यांनी पितरांच्या होमाची राख मागून घेतली, तेव्हा मी म्हटलं, "अहो आई, राख कशाला? आता सिलिका जेलच्या पुड्या मिळतात."

"त्या काय करतात?"

"ओल शोषून घेतात."

"अगं, मग राख काय करते?"

त्यानंतर आमच्या घरात दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदानं नांदतात. पण बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्यांवर माझा पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही. आपल्या हाती येईपर्यंत त्या पोटभर पाणी पिऊन आलेल्या असतात, आता आणखी काय पिणार? त्यापेक्षा कढईत कोरडे भाजून पूर्ण गार केलेले मूठभर तांदूळ पुरचुंडीत बांधून बरणीत टाकावेत. ते ओल ओढतात, आणि मऊ पडले की पुन्हा भाजता येतात.

बी दिसतं निर्जीव, पण ते जिवंत असतं आणि अगदी मंद गतीनं श्वास घेत असतं. ओल आणि ऊब मिळाली की श्वास वाढतो, शिदोरी लवकर संपते. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञानं याचा सोपा ठोकताळा सांगितला आहे : बियांतला ओलावा 1 टक्क्यानं कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सियसनं उतरलं की पुन्हा दुप्पट. चुलीवरच्या धुरात वाळणाऱ्या कणसांना यातला पहिला अर्धा भाग आधीपासून ठाऊक होता. दुसऱ्या अर्ध्यासाठी फ्रिज यावा लागला.

फ्रिजमधल्या जागेसाठी घरात ज्या वाटाघाटी होतात, त्या इथे सांगत नाही. बागवाल्याला अखेर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याइतकी जागा मिळते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली भाचरं तो डबा मोठ्या आशेनं उघडतात. त्यांच्या निराशेपेक्षा बियांचं नुकसान जास्त. गार बरणी गरम हवेत उघडली की आत दव धरतं आणि महिनोन्‌महिने सांभाळलेला कोरडेपणा क्षणात जातो. बरणी बाहेर काढून काही तास तशीच बंद ठेवावी, खोलीइतकी उबदार झाली की मगच झाकण फिरवावं. भाचरांसाठी खरं आइस्क्रीम आणून ठेवावं, हे बीजसंवर्धनातच मोडतं.

इतकं करूनही सगळ्या बिया सारखं आयुष्य घेऊन येत नाहीत. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर दम धरतं. भेंडी आणि मिरची दोनेक वर्षं, वांगं-टोमॅटो चार, काकडी पाच वर्षंसुद्धा काढते. आंबा, फणस आणि जांभूळ यांना तर साठवणच मान्य नाही. त्यांचं बी वाळवलं की मरतं. ते ताजंच पेरावं लागतं. फणसाच्या आठळ्या टिकवण्याची खात्रीची जागा एकच, आमटी.

अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1879 साली 20 बाटल्यांमध्ये वाळूत मिसळलेल्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. बी किती वर्षं जिवंत राहतं, ते त्याला पाहायचं होतं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात, तीही रात्रीच्या अंधारात, उजेड लागून बी फसू नये म्हणून. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. मला यात बियांपेक्षा त्या माणसांचं कौतुक जास्त वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी पुरलेल्या बाटल्यांचा नकाशा त्यांना अजून सापडतो. आपल्याकडे गेल्या दिवाळीतली पालकाची पुडी सापडत नाही.

यावर उपाय चिठ्ठीचा. वाण कोणता, कुणाकडून आला, कुठल्या महिन्यात आणि साली धरला, एवढं पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी पुडीच्या आत टाकावी. वरची शाई उडते, आतली पेन्सिल राहते. 'ताईंकडची मिरची' एवढंच लिहिणं पुरेसं नसतं, कारण प्रत्येक घराला चार ताया असतात आणि प्रत्येकीची मिरची वेगळी.

तारीख उलटलेलं बी लगेच टाकून देऊ नये. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवल्या की आठवड्याभरात बहुतेक भाज्या उत्तर देतात. सात उगवल्या तर नेहमीसारखं पेरावं, तीनच उगवल्या तर दाट पेरावं, एकही नाही तर नमस्कार करावा. सोयाबीन पेरणारे शेतकरी हेच ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून करतात. 70 उगवले की बी पेरणीलायक. आणि नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो, त्याचे कोंब दसऱ्याला टोपीत खोवतो, तेव्हा रब्बीच्या तोंडावर घरच्या बियाण्याची परीक्षाच होत असते. देवीच्या समोर असल्यामुळे कुणाला ती परीक्षा वाटत नाही, इतकंच.

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात जगभरच्या बियांची तिजोरी आहे. 2008 साली ती सुरू झाली. आत उणे 18 अंश सेल्सियस. जगबुडीसाठी राखलेली ती तिजोरी अवघ्या सात वर्षांत उघडावी लागली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची बीजपेढी वापरता येईना, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी आपण ठेवलेल्या बिया 2015 मध्ये परत मागून घेतल्या. लेबनॉन आणि मोरोक्कोत त्या पेरल्या, वाढवल्या, आणि 2017 मध्ये नवं बी तिजोरीत पुन्हा आणून ठेवलं. इतका बर्फ, इतकं पोलाद असूनही शेवटी बी वाचलं ते मातीत गेल्यामुळे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे फ्रिजशिवाय दाखवून दिलं. मडक्यांत, राखेत गावरान वाण सांभाळत त्यांनी घरातच बियाणे बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बँकेचं मोठेपण मडक्यांच्या संख्येत नाही. तिथलं बी बाहेर जातं, इतरांच्या शेतात उगवतं, यात आहे. पुष्कळ गावांतल्या बियाणे बँकांचा रिवाजच असा की न्याल त्याच्या दुप्पट परत करा. असं व्याज द्यायला कुणी कुरकुरत नाही, कारण ते वेलीवर लागतं.

आपल्या बागवाल्याला नेमकं हेच जड जातं. जमवण्याची हौस एकदा लागली की पेरणं म्हणजे खर्च वाटू लागतो. शेवटच्या पाच बिया 'असू देत' म्हणून ठेवल्या जातात आणि असता असता मरतात. ओल, ऊब आणि सोंडे हे बियांचे तीन शत्रू पुस्तकांत दिलेले असतात. चौथा, म्हणजे मालक, दिलेला नसतो. माझ्या मते बी दोघांपुरतंच ठेवावं : आपल्या पुढच्या वर्षापुरतं आणि शेजाऱ्यापुरतं. आपल्या वेलाला मावा लागला, गच्चीची दुरुस्ती निघाली, तर शेजारच्याच्या कुंडीतून आपलंच वाण परत मागता येतं. इतकी भरवशाची साठवण दुसरी नाही, आणि तिला विजेचं बिल येत नाही.

तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी लागली, की सगळे डबे खाली काढा. चिठ्ठ्या वाचा, दहा बिया फडक्यात बांधा, जास्तीच्या पुड्या नाव-साल लिहून वाटून टाका. आणि सुरुवात कांद्यापासून करा. खरिपाच्या रोपांचे दिवस तेच आहेत, आणि त्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला वेळ नाही.