घोड्यावरची गिऱ्हाइकं

आमचे आबा मूळचे विट्याकडचे. साठ वर्षांपूर्वी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला म्हैसूरला आले आणि मंडी मोहल्ल्यातच रुजले. हिशोब कन्नडमध्ये, शिव्या मात्र अजून खानापूर तालुक्यातल्या. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, अकरा महाराष्ट्रातले नि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आबांनी एकच धोशा लावला, "मला रायगड दावा."

पंधरा किलोमीटरवर श्रीरंगपट्टणला खराखुरा पडका किल्ला आहे, पण तिथं आम्ही फक्त पाहुणे आले की जातो. आणि रायगडाच्या हजारावर पायऱ्यांपुढं आबांच्या गुडघ्यांनी आधीच पांढरं निशाण फडकवलेलं. मग माझ्या लेकीनं दुकानातच, मूस थंड झाल्यावर, त्यांना फोनवरून गडावर नेलं.

आबांनी टोपी घातली. स्टुलाखालच्या चपला पायानं आणखी आत सरकवल्या.

"थांब की जरा! दम लागला."

"आबा, तुम्ही बसूनच आहात."

"तू एका बोटात पन्नास पायऱ्या चढतीस, म्हणून लागला."

अनेक फोटो शिवून बनवलेला तो गड. शिवण जिथं चुकली तिथं एक पर्यटक कमरेपासून गायब होता. नुसतेच पाय महादरवाजातून चालले होते. बाकीच्यांचे चेहरे धूसर.

"ह्येंच्या तोंडाला काय झालंय?"

"प्रायव्हसी, आबा."

"गडावर यिऊन तोंड लपवत्यात?"

राजवाड्यापाशी ते फारच अस्वस्थ झाले. सगळी नुसती जोती. "छप्पर कुठाय?"

"1818 ला इंग्रजांनी तोफा डागल्या. आग लागून लाकडाचं सगळं जळालं."

"आन् आजून कुणी मिस्त्री न्हाई बोलावला?"

नगारखान्यात कुजबुजलं तरी पार सिंहासनापर्यंत ऐकू जातं, असं मी कौतुकानं सांगितलं. आबांनी फोन कानाला लावला. नेमकी तेव्हाच सेंट फिलोमिनाची घंटा वाजली, बाहेर भाजीवाल्यानं कोथिंबिरीचा भाव पुकारला आणि कुणाच्या तरी रिक्षानं रिव्हर्स घेताना लग्नाची धून वाजवली. "यतंय, यतंय ऐकू," आबा समाधानानं म्हणाले. मी पुढं काही बोललो नाही.

खरे रमले ते बाजारपेठेत. समोरासमोर दोन ओळी, मधून रुंद रस्ता. दुकानांची जोती एवढी उंच की स्वारानं घोड्यावर बसल्या बसल्याच सौदा करावा, असं तिथले वाटाडे सांगतात. इतिहासाचे अभ्यासक याला मान डोलावतील की नाही कुणास ठाऊक, पण आबांना ते शंभर टक्के पटलं. धंद्यातला माणूस! एकेका दुकानापाशी थांबून त्यांनी लेकीला मागं-पुढं करायला लावलं. कोपऱ्यावरचं कुठलं, सावलीतलं कुठलं, गलाईवाला कुठं बसला असता. भट्टीचा धूर कुठल्या बाजूनं जाईल, इथवर विचार झाला. जगदीश्वराचं देऊळ त्यामुळं राहूनच गेलं, डेटा संपला.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. हेल्मेट डोक्यावर, एक पाय आमच्या पायरीवर, गाडी चालूच. चांदीचं मोडकं पैंजण पुढं करत त्यानं विचारलं, "रेट एष्टु?"

आबा उठून पैंजण घ्यायला चक्क वाकले. गिऱ्हाईक गेल्यावर कंबर चोळत त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं.

"उद्या मिस्त्रीला बोलीव. जोतं तीन फूट वर घ्यायचं."