गिगाहर्ट्झ भरपूर, नळ कोरडा

1984 च्या आयबीएम पीसी-एटीचा प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झचा होता, 2004 च्या पेंटियम 4 चा 3.8 गिगाहर्ट्झचा; वीस वर्षांत सहाशे पटींहून जास्त. पुढच्या वीस वर्षांत इंटेलने जेमतेम 6.2 गाठले, तेही क्षणभर, कारण चिप तापते. कोअर वाढले, एका ठोक्यात काम जास्त होते, हा आक्षेप मान्य. पण मेमरीतून माहिती यायला शेकडो ठोके लागले, तर प्रोसेसर माशा मारतच बसणार. छत्रपती संभाजीनगरकरांना हे वेगळे समजवायला नको. जायकवाडी धरण भरले की नळाला रोज पाणी येते, या समजुतीतून हे शहर कधीच बाहेर पडले आहे. (लॅपटॉपचा दुकानदार मात्र अजून धरणाची क्षमताच ऐकवतो.) तेव्हा लॅपटॉप घेताना आधी रॅम आणि एसएसडी विचारा, गिगाहर्ट्झ मागाहून.