रिलीव्हर आल्याशिवाय शिफ्ट सोडू नये

भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाउनशिपमधल्या निवृत्त मराठी माणसांत आता दोनच पक्ष उरलेत: सहामाहीवाले आणि कार्डवाले. सहामाहीवाले म्हणजे टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेला जाऊन सहा महिने भरायच्या आत माघारी येणारे. कार्डवाले म्हणजे ज्यांच्या मुलाने तिकडचं नागरिकत्व घेऊन आईबापांचं ग्रीन कार्ड काढून दिलं, ते. सिव्हिक सेंटरला संध्याकाळच्या फेरीत दोन्ही पक्षांची गाठ पडली की पुडीतले शेंगदाणे संपतात, वाद संपत नाही. माणूस निवृत्त झाला तरी आपल्याकडे तो खात्याच्या नावानेच ओळखला जातो, म्हणून इथेही तसंच म्हणू. कोक ओव्हनवाले काका कट्टर सहामाहीवाले. प्लेट मिलवाले काका कार्डवाले. त्यांच्या पाकिटात ते कार्ड आधार कार्डाच्या पुढे असतं.

"वेळेवर जायचं, वेळेवर यायचं. कोणाचं देणं नाही," कोक ओव्हन म्हणतात.

"तुम्ही पाहुणे आहात जी. आम्ही तिथले कायमचे रहिवासी."

"हो ना! रहिवासी तिथले, अन् दळण सेक्टर सहाच्या गिरणीत."

मुदतीच्या आत ये-जा करण्याची ही युक्ती आपण शोधून काढलेली नाही. थायलंडच्या किनाऱ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन पडलेला गोरा तरुण वर्षानुवर्षं हेच करत आला. मुदत संपत आली की बस धरून सीमेपलीकडे जायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि जेवायच्या वेळेला परत. तिथल्या सरकारने आता जमिनीवरून होणाऱ्या अशा बिनव्हिशाच्या प्रवेशांना वर्षाला दोनची मर्यादा घातली आहे, आणि ज्याच्याकडे डॉलर आहेत त्याच्यासाठी २०२२ पासून दहा वर्षांचा व्हिसा काढला आहे. पाहुणचाराचा दर एकदाचा फळ्यावर लिहून टाकला. आपल्या गोव्यातही हरमल-मोरजीला मुक्काम ठोकलेले परदेशी लोक काठमांडू नाहीतर कोलंबोला चक्कर मारून परत आपल्याच खोलीवर यायचे. मुंबई हल्ल्याच्या कटातल्या हेडलीचं प्रकरण निघालं आणि २००९ च्या अखेरीस आपल्या सरकारने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं. बहुतेकांसाठी ते २०१२ मध्ये उठलं. तेव्हा आपण पेपर वाचून म्हणालो होतो, बरं झालं, कोणीही उठावं आणि येऊन राहावं म्हणजे काय! आपली मुलं त्या वेळी नुकती टेक्सासला पोचून खोली शोधत होती.

प्लांटने रेल्वेला रूळ पुरवले आणि सेक्टर दहाच्या शाळेने आयआयटीला पोरं. रुळांचा माल बहुतेक देशातच राहिला.

आता मूळ मुद्दा. भट्टी एकदा पेटली की थांबवता येत नाही, म्हणून प्लांटचा पहिला नियम: रिलीव्हर आल्याशिवाय शिफ्ट सोडायची नाही. अमेरिकेतलं तान्हं बाळ ही तशीच चोवीस तासांची भट्टी आहे. त्या महासत्तेचा कायदा बाळंतिणीला देऊन देऊन देतो बारा आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी, आणि तीसुद्धा सगळ्यांना नाही. उरलेलं खातं आजीकडे. मुलाचे आईवडील सहा महिने, मग सुनेचे सहा महिने, की पुन्हा पहिली पाळी. कोक ओव्हनवाल्यांची सून तेलुगू आणि तिचे आईवडील भिलाईतच, दोन सेक्टर सोडून राहतात. पण या विहिणींची भिलाईत भेट होणं शक्य नाही, कारण एक इथे असली की दुसरी तिकडे. त्या भेटतात दोहाच्या विमानतळावर. एक नागपूरहून निघालेली, एक नागपूरला परतणारी. चार्ज तिथेच दिला-घेतला जातो: कुकरची शिट्टी नीट बसत नाही, बाळाला मूग चालतो पण तूर बाधते, कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, आणि घरातल्या तापमानावरून दोघांशीही काही बोलू नका.

मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर यातलं काहीच सांगायचं नसतं. तिथे कशासाठी जाता असं विचारलं की डिस्नेलँड बघायला, असं उत्तर मुलाने फोनवर घोकून घेतलेलं असतं. ज्या काकूंनी चाळीस वर्षांत मैत्रीबागेतल्या छोट्या आगगाडीत पाय ठेवला नाही, त्या काचेपलीकडच्या गोऱ्याला डोळ्यांत डोळे घालून डिस्नेलँड म्हणतात. त्यालाही सगळं ठाऊक असतं. त्याच्याही घरी बाळ असेल.

सहामाहीवाल्यांचं दुःख एकच, तारीख. मर्चंट मिलवाल्या भाऊंनी त्यावर शक्कल लढवली होती. मुदत संपायला आठवडा उरला, रिलीव्हरचा व्हिसा लटकला, तेव्हा भाऊ सहकुटुंब नायगाऱ्याला गेले. कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवलेला. पूल ओलांडला, पलीकडून धबधबा बघितला, ओल्या बाकावर बसून शेवचिवडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या रुबाबात परत आले, की आता ताजे सहा महिने घ्या! अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि जुनीच तारीख कायम ठेवली. कॅनडा-मेक्सिकोला महिनाभराच्या आत जाऊन येणं म्हणजे बाहेर जाणं असं साधारणपणे ते धरतच नाहीत. भाऊ अजून सांगतात, धबधबा इकडून चांगला दिसतो का तिकडून, एवढंच त्यातून कळलं.

ज्यांची मुलं कॅनडातच आहेत त्यांचं बरं आहे, असं एक पोटपक्ष म्हणतो. तिथला सुपर व्हिसा २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहू देतो. फक्त किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा दाखवायचा. पाच वर्षांची एकच शिफ्ट! ओव्हरटाइमचा विषय कोणी काढलेला नाही.

आता कार्डवाल्यांकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. मुलाने आईबापांचं कार्ड काढायचं तर त्याला तिकडच्या सरकारला लिहून द्यावं लागतं की यांचा खर्च मी चालवीन. आपल्याकडे हेच मुलांकडून मिळावं म्हणून २००७ मध्ये कायदा करावा लागला; तिकडे पोरगा हसत हसत सही करतो. ती सही फ्रेम करून भिंतीला लावावी असं प्लेट मिलवाल्या काकूंना वाटलं होतं.

मग कळतं की कायमच्या रहिवाशाला कायम राहावं लागतं. सलग सहा महिन्यांवर बाहेर राहिलात की परतताना प्रश्न सुरू. वर्ष झालं की कार्ड सोडूनच दिलंत असं धरतात. फार दिवस बाहेर राहायचंच असेल तर आधी परवानगी काढायची, तिची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तिच्यासाठी अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर पाहिजे. म्हणजे पाहुण्याने सहा महिन्यांत तिथून निघायचं आणि रहिवाशाने सहा महिन्यांत तिथे पोचायचं. तिकीट दोघांनाही तेवढंच लागतं. कोक ओव्हन ज्या तारखेला नागपूरला उतरतात, प्लेट मिल त्याच तारखेला नागपूरहून उडतात, आणि दोघंही घरी सांगतात की आपलंच बरं आहे.

पैशाची गोष्ट वेगळीच. कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला सांगायचं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर तेही कळवायचं. प्लांटमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून बेरीज तेवढी होतेच. ज्या एफडीचा पत्ता प्लेट मिलवाल्यांनी सख्ख्या भावाला लागू दिला नाही, ती आता वॉशिंग्टनच्या खजिन्याला शाखेसकट माहीत आहे. शिवाय ईपीएस ९५ ची पेन्शन, जिच्यात महिन्याची भाजीही येत नाही, तिच्यासाठी वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. इकडच्या सरकारला पटवायचं की मी अजून आहे, तिकडच्या सरकारला पटवायचं की मी तिथेच आहे.

कार्ड हातात असूनही माणूस भिलाईत का सापडतो? सेक्टर नऊ. दवाखान्याचं नावसुद्धा उच्चारायची गरज नाही, आकडा पुरतो. अमेरिकेत पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा नव्या कार्डवाल्याला पहिली पाच वर्षं हप्ते भरूनही मिळत नाही, आणि खासगी विम्याचा हप्ता ऐकून ज्यांना रक्तदाब नव्हता त्यांनाही होतो. म्हणून नागरिकत्वाची स्वप्नं न्यू जर्सीत आणि गुडघा सेक्टर नऊमध्ये.

ज्याच्या जिवावर हे सगळं चालायचं, त्या पोराची अवस्था तरी काय? वायर रॉड मिलवाल्यांचा मुलगा दहा वर्षं एच वन बीवर आहे. कामाच्या जोरावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांच्या वर वाटा नाही. भारत असो की लक्झेंबर्ग, ताट सारखंच. त्यामुळे रांग हलते ती मुंगीलाही लाज वाटावी अशी. पूर्वी व्हिशाच्या नव्या शिक्क्यासाठी तो मेक्सिकोला जाऊन दोन दिवसांत यायचा. सप्टेंबर २०२५ पासून तेही मिटलं, शिक्का आपल्या देशात किंवा राहता त्या देशात घ्या असा फतवा निघाला. आता सगळी भिस्त त्याच्या मुलीवर. ती जन्माने अमेरिकन, तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती बापासाठी अर्ज करू शकते. सध्या ती नऊ वर्षांची आहे. घरात तिला कोणी रागावत नाही.

या सगळ्या धावपळीत ब्लास्ट फर्नेसवाले आजोबा तेवढे स्वस्थ असतात. वय नव्वदीत. सोव्हिएत रशियाशी कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ ला झाला आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरहून नोकरीला आले. तेव्हा हा सगळा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर, म्हणजे आजोबांच्या लेखी आपलंच. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० ला रायपूरला आली. आजोबा जागचे हलले नाहीत; सरकारांनीच त्यांच्या अंगणातून ये-जा केली. करारावर आलेले रशियन इंजिनिअर मुदत भरल्यावर मायदेशी गेले. काहींना तिथे पोचल्यावर काही वर्षांनी कळलं असेल की तो देशही बदलला. आजोबांच्या नातवाला मात्र ॲडमिशनच्या वेळी छत्तीसगडने निवासाचा दाखला मागितला, आणि मावशीकडे पुण्याला ठेवावं म्हटलं तर महाराष्ट्राने डोमिसाइल मागितलं. कंटाळून त्याने जर्मनीला अर्ज केला. त्यांनी फक्त मार्कशीट आणि बँकेतली शिल्लक विचारली.

परवाची बातमी अशी की प्लेट मिलवाल्या काकांचा उजवा गुडघा बदलला. भिलाईत येऊन पाचवा महिना सरला होता, टाके नुकते निघाले होते, आणि न्यू जर्सीहून फोन आला: बाबा, एकशेऐंशी दिवस भरत आलेत, या. काकांनी पायाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, उलट बरंच आहे, व्हीलचेअर घ्या, व्हीलचेअरवाल्यांना ते कमी प्रश्न विचारतात. त्याप्रमाणे काका सोमवारी पहाटे नागपूरकडे निघाले, गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून, मांडीवर कार्ड. कोक ओव्हनवाले निरोपाला आले होते. त्यांनी विचारलं, आता कायमचे निघालात का जी?

"तीन आठवड्यांसाठी," काका म्हणाले. "फिजिओची पुढची तारीख घेऊन ठेवली आहे."