पन्नाशीतलं वाकडं पाऊल

अहो, तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुणाकडे बोलू नका. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार दार लावून काहीतरी चालतं. आतून धापा ऐकू येतात. मध्येच कुणीतरी "गेला, गेला, गेला!" म्हणून ओरडतं आणि पाठोपाठ सात-आठ जणींचं खिदळणं. परवा तर "अगं डावीकडे झुक, पांडा आला!" असं मी जिन्यात उभी राहून स्पष्ट ऐकलं. आवाज कुणाचा? तर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या त्या काकूंचा, ज्यांनी तीस वर्षं काउंटरमागून कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. कोथरूडात हो! ज्या वेळी कुरिअरवालासुद्धा आमच्याकडे बेल वाजवायला धजत नाही, त्या वेळी!

मी चौकशी करायचं ठरवलं. चौकशी म्हणजे विरजण मागायला गेले.

दार तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी उघडलं. ओढणी कमरेला गुंडाळलेली, पाय अनवाणी, बुचडा सुटून मानेवर आलेला. मागे जुना खोक्यासारखा टीव्ही, त्याच्यासमोर जमिनीवर एक पांढरा पाट, आणि पाटावर आमच्याच भिशीतल्या एक बाई. वय चौपन्न, एक जावई, एक सून. हात पसरून कमरेतून अशा काही डुलत होत्या की मी आपली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. टीव्हीत त्यांच्याच तोंडावळ्याचं एक गोल डोक्याचं बाहुलं समोरून येणारे फुटबॉल डोक्यानं टोलवत होतं. मधूनच बॉलऐवजी बूट यायचा, नाहीतर पांडाचं मुंडकं. ते चुकवायचं. बाईंना चुकवता आलं नाही. बाहुल्याच्या थोबाडावर बूट बसला आणि इकडे बाई स्वतःचं नाक चोळायला लागल्या.

"या, तुमचाही नंबर लावते," वहिनी म्हणाल्या. विरजणाचं कुणी नावही काढलं नाही.

तर प्रकार असा आहे. वहिनींच्या मुलानं 2009 साली न्यू जर्सीहून येताना निन्टेन्डो कंपनीचं 'वी' नावाचं गेमचं यंत्र आणि 'वी फिट' या व्यायामाच्या गेमबरोबर येणारा बॅलन्स बोर्ड आणला होता. चार दिवस नातवंडं खेळली, मग तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली आला. अमेरिकेतला अडॅप्टर 120 व्होल्टचा, आपल्याकडे सरळ लावला तर धूरच. म्हणून वहिनी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्रान्सफॉर्मर आणायला गेल्या. दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी का, काकू?" त्या "हो" म्हणाल्या. धडधडीत खोटं! ज्या बाई चतुर्थीला उपासाच्या चिवड्यातल्या मिठाची चौकशी करतात, त्या! असल्या खेळांनी माणूस कुठल्या थराला जातो बघा.

बोर्डाला आमच्याकडे सगळ्या 'पाट'च म्हणतात, आणि दिसतोही तसाच. जेमतेम वीस इंच लांब, दोन इंच उंच. आत चार कोपऱ्यांत चार काटे आहेत. तुम्ही वर उभ्या राहिलात की कुठल्या कोपऱ्यावर किती भार पडला ते चौघं मोजतात आणि तुमचा तोल कुठे आहे तो ठिपका टीव्हीवर हलता दाखवतात. बस, एवढंच. पण त्यामागची मंडळी कोण, तेही ऐकून ठेवा. निन्टेन्डो ही 1889 पासूनची क्योटोची पत्ते छापणारी कंपनी. पत्ते! आणि 'वी फिट'ची कल्पना ज्यांची, ते शिगेरु मियामोतो म्हणजे त्या उड्या मारणाऱ्या मारिओचे जन्मदाते. गृहस्थ पन्नाशीत घरी रोज वजन करून त्याचा आलेख काढत बसायचे, घरच्यांनाही त्यात मजा यायला लागली, तेव्हा म्हणे त्यांना वाटलं की याचा खेळ होईल. सुमो पैलवानांचं वजन करायला दोन काटे लागतात, एकेका पायाखाली एकेक, यावरून पाट सुचला. 1 डिसेंबर 2007 ला जपानात तो विकायला आला तेव्हा मियामोतो स्वतः पंचावन्नचे होते. पुढे जगभरात सव्वादोन कोटींच्या वर खपला. म्हणजे ही लागण आमच्या जिन्यापुरती नाही.

माझा नंबर आला. आधी यंत्रानं वय विचारलं. खरं सांगितलं, बावन्न. मग अंगावरच्या कपड्यांचं वजन विचारलं. हो, कपड्यांचं! ते वजा करायचं असतं. त्यावर तिथे दहा मिनिटं वाद झाला, कारण एकीचं म्हणणं, कॉटनची साडी आणि परकर मिळून किलोभर धरा, दुसरीचं म्हणणं, मंगळसूत्र आणि पाटल्या का सोडता? शेवटी वजनाचा आकडा आला आणि मला घेरी आली. दीडशेच्या वर! मग कुणीतरी सांगितलं की अमेरिकन यंत्र आहे, पौंडात बोलतं. पहिल्या दिवशी प्रत्येकीला अशीच घेरी आली होती म्हणे.

पण खरा अपमान पुढेच होता. दोन्ही पायांवर सरळ उभ्या राहा, म्हणे. मी राहिले. टीव्हीवरचा ठिपका मधल्या रेघेवर नव्हताच, डावीकडे जाऊन बसला होता. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. कोपऱ्यात खुर्चीवर माळ ओढत बसलेल्या वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "यंत्र नाही बिघडलं. तू ओट्याशी उभी राहतेस तेव्हा बघते ना मी, नेहमी एक पाय मोडून, सगळा भार डाव्या पायावर. समचरण राहा की, विठोबासारखी." मी कमरेवर हात घेतले, पायांवर सारखा भार दिला. ठिपका सरकत सरकत मधे आला. विटेवर काय, पाटावर काय! पण त्या यंत्रानं तेवढ्यावर सोडलं नाही. आणखी दोन चाचण्या घेऊन मला सांगितलं की माझं 'फिट वय' अडुसष्ट आहे. अडुसष्ट! माझ्या सख्ख्या नणंदेनं कधी इतकं बोलून दाखवलं नाही हो.

शिवाय ते यंत्र चोंबडंही आहे. तुमचं झालं की त्याच्या वहीत नाव असलेल्या दुसऱ्या खेळाडूबद्दल विचारतं, हल्ली कशा दिसतात त्या? बारीक वाटतात की जाड? आम्ही पन्नास वर्षं हे काम जिन्यात, कानाशी लागून, किती सभ्यपणे करत आलो! क्योटोच्या लोकांनी ते टीव्हीवर लिहून दाखवायला सुरुवात केली.

त्यात एक खेळ नुसता बसायचा आहे. पाटावर मांडी घालायची आणि हलायचं नाही. समोर मेणबत्ती जळते. तुम्ही हललात की ती विझते. बँकेतल्या काकू यात पटाईत, काउंटरची सवय. वहिनींना मात्र काही केल्या जमेना. परवा अगदी रंगात आल्या होत्या, ज्योत स्थिर, श्वास स्थिर, आम्ही सगळ्या चिडीचूप. आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत, बोलल्या नाहीत, मानही वळवली नाही. फक्त आतल्या आत गॅसकडे गेल्या. तेवढ्यानं मेणबत्ती विझली. पाटाला कळलं!

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे शोभतं का? लोक म्हणतातच. या वयात पाय घसरला तर लोक काय म्हणतील, हे ऐकतच आम्ही मोठ्या झालो. पण खरंच घसरला तर? लोकांचं राहू द्या, हाडांचे डॉक्टर काय म्हणतात ते विचारा. पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर ठिसूळ व्हायला लागतात. पडताना आपण हात टेकतो, म्हणून आधी मनगट मोडतं. खुब्याची पाळी पुढच्या दशकांत येते. आणि पडायचं कारण? तोलाची बातमी मेंदूला तिघांकडून जाते: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यातल्या नसा. वयाबरोबर हे तिघंही खबरे आळसावतात. त्यात आपल्याला नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेला, ज्यातून जिन्याची पायरी असते तिथे दिसत नाही. जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. तेव्हा वाकडं पाऊल पडायची भीती आमच्या आयांना होती ती चुकीची नव्हती, फक्त त्यांचा रोख भलतीकडे होता.

या भानगडीला शास्त्राचाही पाठिंबा आहे, हे कळल्यावर तर माझा जिन्यातला मुद्दाच गेला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला क्वीन्सलंड विद्यापीठातल्या फिजिओथेरपीच्या मंडळींनी तीस ते साठ वयोगटातल्या धडधाकट बायकांना हाच पाट दिला. अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. एका पायावर उभं राहण्याचा तोल सुधारला, पायांतली ताकद वाढली. वजन हललं नाही, ते सोडा. 2010 साली हे छापून आलं ते 'क्लायमॅक्टेरिक' नावाच्या, पाळी जाण्याच्या काळावरच्या नियतकालिकात. बायका किती होत्या? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाल इतक्या. म्हणजे आमची भिशी मोठी. यानंतरही असे प्रयोग पुष्कळ झाले, पण बहुतेक असेच लहान, त्यामुळे पाटावर चढलात की पुन्हा कधी पडणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गेममधला स्कोअर वाढणं वेगळं आणि पावसात फरशीवरून दुधाची पिशवी आणणं वेगळं. चक्कर येत असेल तर आधी कानाचा डॉक्टर गाठा. आणि शेजारी भक्कम खुर्ची ठेवा, कारण पाट दोन इंच उंच आहे हे विसरून आमच्यातली एक मागच्या मागे उतरली. सोफा होता म्हणून निभावलं.

मला विचाराल तर या पाटात जादू काही नाही. लंगडी काय होती? एका पायाचा तोल. फुगडी काय होती? दोघींनी मिळून एकमेकींच्या भरवशावर टाकलेला तोल, तोही गरगर फिरत. पण मंगळागौर लग्नानंतरची पाच वर्षं, मग उद्यापन. त्यानंतर आपण ओट्याशी एक पाय मोडून उभ्या राहिलो त्या राहिलोच. डायनिंग टेबल आलं, जमिनीवरची बैठक गेली, विळीसमोर उकिडवं बसणं गेलं. कुणी सांगितलं असतं की रोज दात घासताना दहा सेकंद एका पायावर उभ्या राहा, तर आपण राहिलो असतो? छे. मीही नसते. बँकेतल्या काकू त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "हे निदान रोजची शिल्लक तरी दाखवतं."

आणि पाटात सूर्यनमस्कारही आहे बरं का. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी नेऊ पाहिलेला सूर्यनमस्कार क्योटोमार्गे, न्यू जर्सीमार्गे, ट्रान्सफॉर्मर लावून कोथरूडात परत आला. आम्ही त्याला म्हटलं, ये बाबा.

पुरुषवर्गाचं काय, म्हणता? नाराज. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की या वयात व्हिडिओ गेम म्हणजे फार झालं. बोलताना त्यांच्या हातातल्या फोनवर रमी उघडी होती, ते जाऊ द्या. वहिनींचे अहो सगळ्यात तोऱ्यात. "तो पाट उचलून भंगारात देतो," इथपर्यंत मजल. मग गेल्या मंगळवारी आम्ही यंत्र लावलं आणि बघतो तर काय, वहिनींचं वजन चार दिवसांत बेचाळीस पौंडांनी वाढलेलं! आलेख भिंतीसारखा सरळ वर. वहिनी पाटाभोवती फिरून बघायला लागल्या. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की यंत्र रोजची हजेरीही लिहून ठेवतं. उघडून पाहिली. शनिवारी रात्री, सत्तेचाळीस मिनिटं. आणि पेंग्विनच्या खेळात, बर्फाच्या तुकड्यावर तोल सांभाळून मासे पकडायचे त्यात, वहिनींच्या नावावर नवा विक्रम.

अहो तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं गेलं नाही. सासूबाई माळ थांबवून एवढंच म्हणाल्या, "लहानपणी लंगडीतही असाच रडीचा डाव खेळायचा."

तर आता अडचण अशी आहे. पाट एक, आणि वहिनींनी फ्रिजवर लावलेल्या यादीत मी धरून अकरा नावं. बारावं नाव कुणी लिहिलंय ते अक्षरावरून कळतं, पण आम्ही बोलत नाही. वी यंत्राचं उत्पादन 2013 सालीच थांबलं, त्यामुळे दुकानात विचारून उपयोग नाही. पण त्या सव्वादोन कोटींतले थोडे तरी आपल्याकडच्या मुलांच्या बॅगांतून आलेच असणार. तेव्हा एवढं करा, आज माळ्यावर चढून बघा. म्हणजे तुम्ही चढू नका, कुणाला तरी चढवा. जुन्या चादरीत काही पांढरं सपाट सापडलं तर तिसऱ्या मजल्यावर आणून द्या, दुपारी दोनच्या आत. त्याला लागणारे चार पेन्सिल सेल आम्ही घालू. आणि कुणी विचारलंच, तर नातवासाठी नेतेय म्हणून सांगा.