काढ की बे, काय होत नाय!

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की सोलापुरातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहून बघावे. रांगेतल्या प्रत्येकाच्या मुठीत पेन ड्राइव्ह. दुकानदार एक खुपसतो, प्रिंट सोडतो, आणि प्रिंटर अजून कण्हतोय तोवर तो उपटून पुढचा खुपसतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चिन्हाकडे ढुंकूनही बघत नाही. नव्याने कामाला लागलेल्या एखाद्या पोराने रीतसर ‘इजेक्ट’ दाबलेच, तर मागून आवाज येतो, ‘‘काढ की बे, काय होत नाय!’’

मी त्या पोराच्या पक्षाचा. रीतसर निरोप घेतल्याशिवाय मी पेन ड्राइव्हला हात लावत नाही. पण या सभ्यपणाची विंडोजला काडीची कदर नाही. ते म्हणते, हे उपकरण सध्या वापरात आहे, सगळे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. अहो, वापरतंय कोण? सगळे तर मी बंद केलेय! सरकारी कचेरीत शिपाई ‘साहेब कामात आहेत’ म्हणतो. कोणत्या कामात, कुणाबरोबर, हे विचारायची सोय नसते. तसलाच हा कारभार.

शोधायला बसले की एकेक जण सापडतो. वर्ड मिटवलेले असते, पण एक्सेल खाली दडून बसलेले असते. फोल्डरची खिडकी उघडीच राहिलेली असते. अँटिव्हायरस आपल्याला न विचारता फाइली हुंगत असतो, आणि खुद्द एक्सप्लोररच फोटोंची छोटी चित्रे बनवण्यात रमलेला असतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट केला की बऱ्याचदा सुटका होते. तरीही अडले तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदींमध्ये ‘कर्नल-पीएनपी’ची 225 क्रमांकाची नोंद बघावी. कोणत्या प्रोग्रॅमने अडवले, ते तिथे नावानिशी लिहिलेले असते. म्हणजे साहेब कुणाबरोबर आहेत हे शिपायाला पक्के ठाऊक असते, फक्त तोंडावर सांगायचे नसते! काहीच जमले नाही तर संगणक बंद करावा आणि मग काढावा.

दुकानदाराची बाजू अगदीच लंगडी नाही. पूर्वी विंडोज काही माल रॅममध्ये साठवून, सवडीने ड्राइव्हवर उतरवू शकत असे. 2018च्या विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून मूळ सेटिंगच ‘झटपट काढा’ असे झाले, त्यामुळे नुसते वाचून प्रिंट काढली असेल तर उपटल्याने सहसा बिघडत नाही. पण लिहिणे चालू असताना उपटले, की खेळ खलास. फाइलीचे नाव दिसते, साइज शून्य केबी.

आता सोलापूरकराला हे मी शिकवावे, म्हणजे जरा अतीच. संगणकाची एक आजी मागाच्या घरातली. 1804च्या सुमारास फ्रान्समधल्या जकार्डने पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून मागाला नक्षी शिकवली. पुढे 1890च्या अमेरिकन जनगणनेत होलेरिथने माणसे मोजली तीही भोकांच्या कार्डांवरच. आपल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी या जकार्डचीच. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि अशा कार्डांची ओवलेली लांबलचक माळ मागाच्या डोक्यावर फिरत असते. एखादे कार्ड फाटले तर ते हातात धरून उजेडाकडे करून बघता येते, नवे पाडून माळेत ओवता येते. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आला आणि ती अख्खी माळ पेन ड्राइव्हमध्ये मावली. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण अर्धवट उतरलेली फाइल कितीही उजेडात धरा, भोक काही दिसत नाही. ते कळते माग अडल्यावर.

पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर अजून काहीतरी चालू आहे, एवढे समजावे. हार्ड डिस्क असेल तर जास्तच जपावे, आत तबकडी फिरत असते. आणि झेरॉक्सवाल्याकडे जाताना मूळ फाइल घरी ठेवा, प्रत घेऊन जा. दिवा लुकलुकत असताना तो उपटायला लागला, तर सरळ त्याचा हात धरा. चिडला तर चिडू दे. फॉर्म आपला आहे.