भर दुपारची चंद्रकोर

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट लावलं की तिथे डार्करूम होते आणि काढलं की पुन्हा बंबाचं राज्य सुरू होतं. आजच्या गणपतीपुळ्यात एकशेवीसचा कृष्णधवल रोल घरी धुणारा बहुधा मी एकटाच, त्यामुळे चुकांनाही दुसरा धनी नाही. पहिली पट्टी दोरीवर पंच्याशेजारी वाळत घातली, तेव्हा तिच्यावर इतके डाग होते की श्रावणातली भिंतही लाजली असती.

डागांनाही कुळी असते, हे हळूहळू कळलं. वाटोळा, रेखीव ठिपका म्हणजे डेव्हलपरमध्ये फिल्मला बिलगलेला बुडबुडा. टाकी सुरुवातीलाच दोनदा हलके आपटली की तो निमूट सुटतो. दुधावरच्या सायीसारखी छटा आली तर चित्र पक्कं करणारा हायपो थकलेला. ताज्या हायपोत बुडवलं की ती जाते, आणि माणसाला दुसरी संधी देणारा डाग बहुतेक हाच. सुकताना उमटणारी पांढुरकी कडी बोअरच्या क्षारट पाण्याची, म्हणून शेवटच्या धुण्याला मी पागोळ्यांचं पाणी मलमलीतून गाळून घेतो. कौलांवरून घरंगळलेलं आभाळ असं आभाळाच्याच फोटोवरून फिरतं. राहिलं तापमान. डेव्हलपरला 20 अंश हवेत, आणि मे महिन्यात ते गाठायला लागणारा बर्फ मी शेजारी कोकम सरबताच्या नावाने मागतो.

पण चंद्रकोरींवर इलाज सापडेना. भर दुपारी टिपलेल्या समुद्रावर, छापलेल्या फोटोत, नखाएवढ्या पांढऱ्या कोरी तरंगत होत्या. गणपतीचं आणि चंद्राचं जुनं वाकडं. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहिला की खोटा आळ येतो, स्यमंतक मण्यावरून तो कृष्णालाही चुकला नाही. इथे चंद्र पाहिले मी आणि आळ आला बिचाऱ्या हायपोवर, मग पाण्यावर, मग रोलवर. आमच्या गावातला देव डोंगररूपी, त्याला प्रदक्षिणा घालायची तर साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. तसा मीही सगळ्या रसायनांभोवती फिरून आलो तो माझ्याच अंगठ्यापाशी. अंधारात स्पूलवर चढवताना फिल्म अंगठ्याखाली दुमडते आणि दाब पडतो तिथे कोर उमटते. ती कुठल्याही पाण्याने जात नाही.

हे कळल्यावर वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. त्यांच्याकडे आग्फा क्लिक-थ्री होता, एका रोलमध्ये 12 फोटो. रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, नाव 'इंदू'. इंदू म्हणजे चंद्रच की! तेही याच न्हाणीघरात, याच खिडकीला गोणपाट लावून रोल धुवायचे. भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या एका फोटोत ओहोटीच्या ओल्या रेतीवर नवी नवरी असलेली आई उभी आहे, पदर वाऱ्याने फुगलेला, आणि डोक्यावर अगदी मोजून ठेवल्यासारखी एक कोर. तुझ्यासाठी चंद्र थांबवून फोटो काढला, असं वडील तिला जन्मभर सांगत आले. मीही लहानपणी ते खरं मानलं होतं.

अंगठ्याचं शास्त्र मी आईला नीट समजावून सांगितलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, पदराने काच पुसली आणि पुन्हा भिंतीवर टांगला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी अमावास्या होती."